हॅलिफॅक्सच्या किल्ल्यावरचा हत्ती

कॅनडात डार्टमथला राहायला येऊन दोन वर्षं झाली, तरी समोरच्या काठावरचं हॅलिफॅक्स पोरांना नीट दाखवायचं राहूनच गेलं होतं. शेवटी गेल्या शनिवारी धपाटे बांधून घेतले आणि फेरी पकडली. ही फेरी १७५२ पासून चालू आहे असं सांगितल्यावर धाकट्याने "हीच बोट?" असं विचारून घेतलं.

आधी किल्ला, म्हणजे इथलं सिटाडेल. सवयीने मी ट्रेकचे बूट चढवले होते. सिटाडेलची चढण संपली तेव्हा दम लागणं सोडाच, लेकीची शाळेतली गोष्टही अर्धीच झाली होती. ताऱ्याच्या आकाराचा हा किल्ला १८२८ साली बांधायला घेतला आणि १८५६ साली पुरा झाला. त्यावर आजवर एकदाही हल्ला झालेला नाही. एकदाही! झालं, मी ताठ झाले. रायगड, राजगड, पन्हाळा, सगळं पोरांना ऐकवलं. पुढे खंदक बघितला, दगडाला दगड भिडलेला, एकाही भिंतीवर बदामात कोरलेलं नाव नाही, आणि गप्प बसले. (आपल्याकडे किल्लेच तीनशेच्या वर. एक टेकडी राखणं आणि अख्खा सह्याद्री राखणं यात फरक आहे की नाही? आहेच.)

दारात पहारेकरी. डोक्यावर काळ्या पिसांची उंच टोपी, अंगात लाल कोट, खाली चौकड्यांचा घागरा. पापणी हलवत नव्हता. धाकट्याने त्याच्यासमोर उभं राहून कडक सलाम ठोकला, मी फोटो काढला, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

आत माहिती सांगणारा कॉलेजातला मुलगा होता. हा गणवेश ७८व्या हायलँडर्स पलटणीचा, १८६९ ते १८७१ या काळात ती इथे मुक्कामाला होती, असं म्हणाला. आम्ही भारतातले म्हटल्यावर खुलला. ही पलटण तुमच्याकडेही लढली होती, म्हणे. कुठे? तर "असाये".

मला दोनदा विचारावं लागलं. मग लख्ख उजेड पडला. असई! माझं माहेर जालन्याचं. असई आमच्याच जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन म्हणून गाजला. आपण हरलो. त्या विजयाबद्दल या पलटणीला हत्तीचं चिन्ह आणि त्यासोबत 'असई' हे नाव मिरवायचा मान मिळाला. आणि त्याच पलटणीच्या गणवेशाला माझ्या पोराने सलाम ठोकला होता.

ग्रुपवर एव्हाना सात अंगठे आले होते.

खरं सांगू? राग त्या मुलाचा आला नाही. त्याला तारीखवार पाठ होतं. मला परीक्षेपुरतं. शाळेच्या सहली दौलताबाद, वेरूळ, रायगडला गेल्या. असईला आम्हाला कुणी नेलं नाही. आणि हरल्याच्या जागी लेकरांना कोण नेतं? हे कारण मलाही लंगडं वाटलं, पण तेव्हा तेवढंच सुचलं. मग त्या मुलाला उच्चार तरी शिकवला. "अ-स-ई." तिसऱ्या खेपेला त्याला बरोबर जमला. तेवढ्यात बाराची तोफ उडाली आणि आम्ही चौघंही दचकलो.

खाली बंदरावर पिअर २१ बघितलं, १९२८ ते १९७१ दरम्यान सुमारे दहा लाख माणसं जिथे बोटीतून उतरून कॅनडाची झाली. लेक तिथल्या पेट्यांपाशी रेंगाळली. १९१७ सालच्या ६ डिसेंबरला याच बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटून दोनेक हजार माणसं गेली, तेही सांगायचं होतं. पण धाकटा हत्तीपासून हलेचना. हत्ती खरा होता का? मेला का? आता कुठे आहे?

रात्री साडेनऊला जालन्याला फोन लावला. बाबा सकाळचा चहा घेत होते.

"असई? गेलतो की एका लग्नाला. काय बघायचं तिथं? रानं आहेत, कपाशी."

धाकट्याने फोन ओढून घेतला. "आजोबा, तिथला हत्ती कुणाचा होता?"

तिकडे कपबशीचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "थांब रे बाळा, विचारून सांगतो."