अठरा

मंगळवार, रात्री साडेदहा

अण्णांनी रक्ताच्या रिपोर्टच्या कडेला पेन्सिलीनं भागाकार मांडून आणला होता. ७० भागिले १८, दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, उत्तर ३.८९. "तीनच्या आत पायजे म्हणत्यात. एलडीएल, त्ये वाईट कोलेस्टेरॉल, ६२ वर आणलाय मी, त्याची गोळी एक दिस चुकवत न्हाई. मग ह्यो का उतरंना?"

भागाकार बरोबर होता. माझा जीव अडकलाय तो त्या अठरात.

न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, त्याच दोन पांढऱ्या पेशी. टक्के घ्या नाहीतर प्रत्यक्ष संख्या घ्या, उत्तर तेच. निरोगी माणसात साधारण १ ते ३. सूज असली की न्यूट्रोफिल वाढतात, शरीर ताणात असलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढून लिम्फोसाइट घटतात. एका भागाकारात दोन्ही सापडतं. म्हणून तर हृदयवाल्यांना हा आकडा आवडतो. वेगळी टेस्ट नको, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, फुकट मिळतो.

पण तो अठरा मशीननं दिलेला नाही. मशीननं फ्लॅग दिला, हाताने तपासा म्हणून, तेव्हा स्लाइड केली, लीशमनचा रंग लावला आणि शंभर पेशी मी मोजल्या. शंभरात १८ लिम्फोसाइट आले तर खरा आकडा ११ ते २७ मध्ये कुठंही असू शकतो. एकीकडं घटले ते दुसरीकडं वाढले असं धरून, ११ असले तर ७७ भागिले ११ म्हणजे ७, २७ असले तर ६१ भागिले २७ म्हणजे सव्वादोन. एकाच नळीतलं तेच रक्त! आणि अण्णा दशांशानंतर दोन घरं लिहून आले.

त्यात मी स्लाइडवर मोजलं कुठं? न्यूट्रोफिल रक्ताच्या थराच्या शेपटाकडं आणि कडांना ओढले जातात, लिम्फोसाइट मधे राहतात. म्हणून कडेपासून आत, आतून परत कडेला असं नागमोडी जायचं. सोमवारी दुपारी, चाळीस नळ्या रांगेत असताना, मी तसं गेले होते का? आठवत नाही. दिवसभर डोळे फोडायचे आणि वर हा हिशोबही आपणच द्यायचा. असो.

प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट, हा दुसरा भागाकार तर आणखी नाजूक. तिथं टक्के चालत नाहीत, प्रत्यक्ष संख्या लागते. अण्णांच्या पांढऱ्या पेशी ८,४००, त्याचे १८ टक्के म्हणजे १,५१२. प्लेटलेट २,६०,००० भागिले १,५१२ म्हणजे १७२. लिम्फोसाइट २२ टक्के धरले की तोच आकडा १४१. जांभळ्या टोपणाची नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी केली नाही आणि प्लेटलेटचे गुठळे झाले, तर भागाकारातला वरचा, प्लेटलेटचा आकडाही खोटा.

अण्णांच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर आहे, ते दिलं. २०२१ मध्ये औषधांच्या पाच मोठ्या चाचण्यांतल्या साठ हजारांवर लोकांचे आकडे एकत्र तपासले. गुणोत्तर जास्त, त्यांना पुढं हृदयाचे झटके आणि मृत्यू जास्त. पण चरबी उतरवणाऱ्या औषधांनी ते हललं नाही. हललं ते कॅनाकिनुमॅबनं, जे थेट सुजेवर काम करतं. २०१७ च्या चाचणीत त्याच्या १५० मिलिग्रॅमच्या डोसनं झटके वगैरे १५ टक्क्यांनी कमी केले, पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले. म्हणजे गोळी तिचं काम करतेय अण्णा, हा आकडा तिच्या हद्दीतला नाही. कॉल्चिसिन या सुजेवरच्याच दुसऱ्या औषधाचं नाव त्यांना कुणीतरी सांगितलेलं. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत रोज ०.५ मिलिग्रॅमनं फायदा दिसला, २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच दिलेल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. किडनी कमजोर असेल तर ते महागात पडतं. ते डॉक्टरांनाच विचारा म्हटलं.

उठता उठता खोकले. "अजून खोकला हाय का?" म्हटल्यावर, "पाच दिवस गोळ्या झाल्या की." पिशवीतून पाकीट काढलं. प्रेडनिसोलोन.

स्टेरॉइड! काही तासांत न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली. रक्त घेताना आम्ही उपाशी आहात का विचारतो, रक्त पातळ करायची गोळी विचारतो. हे विचारायला फॉर्मवर जागाच नाही. वर खोकल्याचा संसर्ग, तोही न्यूट्रोफिल वाढवतो. म्हणजे दिवसभर मी अठराला कोसत बसले होते आणि अण्णांचं गुणोत्तर छातीत नव्हे, पिशवीत होतं. हसूच आलं.

गोळ्या संपून, खोकला थांबून दोन-तीन आठवडे झाल्यावर पुन्हा या म्हटलं. सकाळी, या वेळी रक्त दिलं त्याच वेळेला, महाद्वारावरनं तरातरा चालत न येता, दहा मिनिटं बसून.

ते गेल्यावर स्लाइड पुन्हा लावली. या वेळी दोनशे पेशी, नागमोडी. न्यूट्रोफिल १३४, लिम्फोसाइट ४४, मोनोसाइट १४, इओसिनोफिल ८. भागाकार ३.०५.

तीनच्या वर, एका केसानं. अण्णांना आता फोन केला तर पेन्सिल घेऊनच बसतील. तेल पुसून स्लाइड डब्यात ठेवली, चिठ्ठीवर 'प्रेडनिसोलोन, ५ दिवस' लिहिलं.