गिरणाकाठचे गोल: खळं की शिळावर्तुळ?

सॅटेलाइट नकाशावर शिळावर्तुळासारखे दिसले म्हणून गिरणा नदीकाठच्या यादीत घेतलेले बहुतेक गोल यंदाही बाद झाले. खरी शिळावर्तुळं, म्हणजे मोठे धोंडे गोलाकार मांडलेली प्राचीन दफनं, महाराष्ट्रात मुख्यतः विदर्भाची. नागपूरजवळचं जुनापाणी एकदा नीट पाहिलं की डोळा तयार होतो: लोहयुगातले ट्रॅपचे (काळ्या बेसॉल्ट खडकाचे) मोठाले धोंडे, अर्धे जमिनीत रुतलेले, आत माती-मुरमाचा बसका उंचवटा. आपल्याकडे सॅटेलाइट नकाशावर दिसणारा गोल बहुधा जुन्या खळ्याचा, नाहीतर मेंढवाड्याचा निघतो. एकट्याला उचलतील असे दगड आणि आत चोपून सपाट केलेली जमीन दिसली की पुढे मापं घेत बसू नये. त्याआधी शेतमालकाला विचारावं, "आप्पा, इथं खळं होतं का?" निम्मं काम तिथंच होतं.

पाहणी पऱ्हाट्या उपटल्यावर आणि पहिल्या पावसाच्या आत. उन्हाचा त्रास आहेच, पण काळ्या रानात एकदा चिखल झाला की पाऊल निघत नाही.

मापाला ३० मीटरची फीत. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास घ्यायचे, आणि फीत धोंड्याच्या आतल्या कडेला लावली की बाहेरच्या, हे लिहायचंच. धोंडे हातभर जाडीचे असले तरी व्यासात जवळजवळ मीटरभराचा फरक पडतो. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या रानातही ३-५ मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून त्यावर फक्त मध्यबिंदू नोंदवायचा, एकेक दगड नाही. होकायंत्र धोंड्यावर टेकवून वाचू नये, ट्रॅपमधल्या लोहखनिजानं सुई सरकते. चार पावलं मागे येऊन दोन्ही टोकांवरून दिशा घ्यावी. दोन आकड्यांत १८० अंशांचा फरक आला नाही तर जागा बदलावी.

सगळ्यात जास्त फसगत वाटीखुणांची. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर त्या ओळीनं कोरलेल्या आहेत: उथळ, गुळगुळीत, वाटीसारख्या. ट्रॅपमध्ये वायूच्या बुडबुड्यांचीही छिद्रं असतात. ती वेडीवाकडी, कडेला धारदार, कधी आत पांढरे स्फटिक, आणि दगडाच्या सगळ्या अंगांना पसरलेली. बॅटरी दगडाला जवळपास टेकवून आडवा उजेड टाकावा, फ्लॅश बंद. खडूनं खुणा रंगवू नयेत, तेल-पाणीही ओतू नये.

नांगराआड येतात म्हणून बांधावर ढकललेले धोंडे वर्तुळाच्या मोजणीत धरायचे नाहीत, त्यांचा रकाना वेगळा.