आमची वाटचाल: कळंबोलीतला ४० फुटी ट्रेलर आणि नवा ड्रायव्हर

आमच्या फर्मचं काम कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून चालतं. सुरुवात तळोजा आणि न्हावा शेव्याच्या लोकल फेऱ्यांनी झाली, मग घाट चढून चाकण, रांजणगाव आणि पुढे जालन्यापर्यंत गाड्या जाऊ लागल्या. आधी सळई, मग प्लेट (जाड पत्रे), मग कॉइल (पत्र्याची जड गुंडाळी) आणि सगळ्यात शेवटी यंत्रं, या क्रमाने आम्ही माल उचलला. आज नवा ड्रायव्हर आला की त्यालाही याच क्रमाने तयार करतो. सपाट ट्रेलरला बाजूच्या भिंती नसतात. माल जागेवर राहतो तो फक्त बांधणीमुळे, आणि बांधणी शेवटी ड्रायव्हरनेच तपासायची असते. म्हणून आमच्याकडे स्टिअरिंगच्या आधी साखळी हातात येते.

कागदाची बाजू सोपी आहे. वय किमान २० वर्षं हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं हवं, त्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. पक्कं झालं की दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ट्रेलर चालवायचा तर त्या प्रकाराची नोंद लायसन्सवर आहे का, हे आम्ही आधी पाहतो.

घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) ट्रेलरला जोडताना नुसत्या आवाजावर भरवसा ठेवायचा नाही. ‘खट्’ झालं तरी किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची पिन) घोड्यावरच्या जबड्याच्या वर बसलेली असू शकते. टॉर्च घेऊन खाली वाकायचं, जबडा पिनेच्या मागे पूर्ण बंद झालाय आणि प्लेटींमध्ये फट नाही हे डोळ्यांनी पाहायचं. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे ओढून बघायचा. त्यानंतरच लँडिंग लेग (सुटा ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते पाय) वर. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, पावसाळ्यात तर चुकवायचंच नाही. टायर बदललाय का? मग ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे.

सळईची लांबी १२ मीटर आणि ४० फुटी ट्रेलर १२.२ मीटरचा, म्हणून ती नेमकी बसते. सळई बॉडीबाहेर काढून नेण्यावर २०१४ पासून बंदी आहे. खरा धोका मात्र बंडलच्या आत असतो. वरून साखळी कितीही ताणली तरी मधल्या सळया सैल राहतात आणि करकचून ब्रेक मारला की केबिनच्या दिशेने सुटतात. त्यासाठी साखळीचा बंडलभोवती पूर्ण विळखा घालायचा, पुढचं टोक हेडबोर्डला (ट्रेलरच्या पुढच्या उभ्या भिंतीला) टेकवायचं आणि दोन थरांमध्ये आडवी लाकडं घालायची. प्लेटला तेल लागलेलं असतं, तिथे लोखंडावर लोखंड अगदी सहज सरकतं. मध्ये रबरी मॅट घातली की घर्षण कैक पटींनी वाढतं.

कॉइलला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. ब्रेक मारल्यावर माल पुढे जायला वजनाच्या ०.८ पट जोर लावतो आणि वळणावर बाजूला ०.५ पट, हे धरून बांधणी करायची. म्हणजे २५ टनी कॉइल २० टनांच्या जोराने पुढे ढकलते. १० मिमीच्या ग्रेड ८० साखळीची बांधणीची ताकद साधारण ६.३ टन असते. एवढ्यावरून कळतं की एक-दोन साखळ्यांनी भागणार नाही आणि साखळ्यांच्या आधी खालचा आधार पक्का हवा. कॉइलचा डोळा (मधलं आरपार भोक) गाडीच्या लांबीत ठेवला तर ती घरंगळली तर बाजूला जाईल, आडवा ठेवला तर थेट केबिनकडे. आम्ही डोळा लांबीत ठेवतो आणि कॉइल लोखंडी खाचेत अशी बसवतो की तिचा भार खाचेच्या दोन उतारांवर येईल, बुडाला टेकणार नाही.

जागेचंही गणित आहे. २०१८ च्या नियमानुसार तीन एक्सलच्या ट्रेलरच्या मागच्या गटावर २७ टन चालतात आणि २२ टायरच्या पूर्ण गाडीला ५५ टन. पण तीच २५ टनी कॉइल मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली तर ट्रेलरचं स्वतःचं वजन मिळून तिथे २९ टनांच्या आसपास भरतात. एकूण वजन ५५ च्या खूप आत असूनही एक्सल ओव्हरलोड होतो, स्प्रिंगची पानं तुटतात. कॉइल किंगपिनच्या दिशेने पुढे घेतली की भार घोड्याशी वाटला जातो.

साखळ्या सुटतात त्या बहुतेक वेळा लाकूड दबल्यामुळे. म्हणून पहिल्या ५० किलोमीटरच्या आत एकदा थांबून आवळायचं, मग दर दोन-तीन तासांनी.

बोरघाट आणि कसारा उतरताना, चढाला जो गिअर लागला असता त्यातच उतरायचं आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) चालू ठेवायचा. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं ही समजूत अजून अनेकांच्या डोक्यात घट्ट आहे. आजच्या इंजिनात गिअर असताना पाय उचलला की डिझेल बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येऊन लायनर तापतात आणि पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही.

ई-वे बिलाला (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला) दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते, मोठ्या आकाराच्या यंत्राला दर २० किलोमीटरला. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीवर चढवला तर बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर आधी टाकायचा. मुदत संपायच्या आधीचे आणि नंतरचे आठ तास वाढवून घेण्यासाठी असतात, ते ड्रायव्हरला पाठ हवेत.

भाडं ठरवताना डिझेल, टोल आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) यांच्यासोबत हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) आधीच लिहून घेतो. ड्रायव्हरला पगार ठरलेला आणि भत्ता वेगळा, कारण फेऱ्यांवर पैसे मिळाले की बांधणीत घाई होते. कॉइल बांधायला लागणारा पाऊण तास भाड्यातच धरलेला असतो. पार्टीने कितीही घाई केली तरी साखळ्या तपासून होईपर्यंत गाडी गेटच्या आत उभी राहते.