सायकल कुठे निघाली?

गेल्या वर्षी इंटरकॉलेजिएटला पोहण्याच्या २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पहिल्या ५० ला मी दुसरा होतो, भिंतीला हात लावला तेव्हा सहावा. सरांनी चारही पन्नासाचे टायमिंग बसच्या तिकिटामागे लिहून ठेवले होते: ३१, ३६, ४०, ४३. एकूण अडीच मिनिटं. शेवटचे ४३ सेकंद मी फक्त शेजारच्या लेनमधल्या पोराच्या पायांचा फेस बघितला. मांड्या अशा भरून आल्या होत्या की शिडीची पहिली पायरी चढेना.

"दम कमी पडला, सर."

"दम पायांनी खाल्ला. बरं, खाऊन काम केलं असतं तरी चाललं असतं."

हे झोंबलं. पण खरं सांगायचं तर किक हा प्रकार मी कधी मनावर घेतलाच नव्हता. वॉर्मअप झाला की हातात धरायचा तरंगता बोर्ड घ्यायचा, शेजारच्याशी गप्पा मारत चार लॅप टाकायचे. नाहीतर उशीर झाला म्हणून शिक्षा. आमच्या कॉलेजला तलाव नाही, त्यामुळे आम्ही दादरला, शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावावर असतो. मी विक्रोळीहून येतो, पहाटेच्या स्लो लोकलने. फुलबाजारातून टोपल्या चुकवत, चालत. त्यामुळे उशीर हा ठरलेला आणि शिक्षाही.

पुढच्या सोमवारी सरांनी नुसत्या पायांवर ५० मीटर मारायला लावलं. १ मिनिट १४ सेकंद. एफवायची एक मुलगी, माझ्या खांद्याएवढी, ५२ सेकंदांत जाऊन कॅप नीट करत उभी होती. मी अजून मध्येच, आणि काठावरून आवाज: "अरे, सायकल कुठे निघाली? माहीमला?"

सायकल म्हणजे गुडघे. मी गुडघा पोटाखाली ओढून पाय झाडायचो. त्याने पाणी भरपूर उडतं, आपल्याला वाटतं काय जोर लावतोय! पण पुढे आलेली मांडी पाणी अडवते, म्हणजे स्वतःच ब्रेक दाबून पॅडल मारण्यातली गत. किक निघायला हवी खुब्यातून, गुडघा जेमतेम वाकलेला आणि पाऊल सैल, मागे वळलेलं. वर पाणी कसं दिसलं पाहिजे, यावर सरांचा शब्द आहे 'आधण'. भाताचं पाणी उकळी धरतं तसं खदखदलं पाहिजे. फटाके फुटायला नकोत.

खुबा, गुडघा समजायला आठवडा लागला. घोट्यावर मात्र माझं घोडं अडलं. शाळेत असताना पावसाळ्यात फुटबॉल खेळताना डावा घोटा मुरगळला होता, आणि धावणाऱ्या-खेळणाऱ्यांचे घोटे तसेही कडकच असतात. पाऊल मागे वळलंच नाही तर ते पाणी मागे ढकलणार कसं? ते खालीच दाबतं. दोन नांगर टाकून होडी वल्हवल्यासारखं. आमच्याकडे एक वॉटरपोलोवाला आहे, तो बेडकासारखे पाय मारायच्या ब्रेस्टस्ट्रोकचा राजा, पण फ्रीची किक मारायला लागला की चक्क मागे सरकतो. मी त्याला हसायचो.

सरांचा उपाय: रोज वज्रासन. घरी बसून बघितलं तर उजवं पाऊल जमिनीला टेकलेलं आणि डाव्या घोट्याखाली इतकी फट की टीव्हीचा रिमोट सरकावा. आजी शेजारी मटार सोलत होती. ती रोज जेवल्यावर वज्रासनात बसते. माझी तीस सेकंदांत फेफे उडाली तेव्हा म्हणाली, "ह्याला कॉलेजात पाठवतात होय रे?"

तलावावर बोर्ड आठवड्यातून एकदाच मिळायला लागला. बोर्ड धरला की डोकं वर, डोकं वर की कंबर खाली, म्हणजे शर्यतीत जे करायचं नाही त्याचाच सराव. त्याऐवजी हात ताणून, एकावर एक ठेवून किक, किंवा पाठीवर, गुडघे पाण्याबाहेर न काढता. पाठीवर कळतं की पाय वर मारतानाही काम करायचं असतं. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, फक्त शनिवारी, कारण फिन्स घातले की प्रत्येकजण हिरो होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे उभी किक. खोल बाजूला हात छातीवर बांधून उभं राहायचं, २० सेकंद किक, २० सेकंद आराम, असं दहा वेळा. पाणी हनुवटीच्या खाली राहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी चौथ्या वेळेला माझ्या ओठांवर क्लोरीन आणि सातव्या वेळेला नाकात. तिथे सायकल चालवली तर आपण वर येतच नाही, त्यामुळे सरांना ओरडावंही लागत नाही.

मग ५० चे आठ सेट. सुरुवातीला दर दीड मिनिटाला सुटायचं, दिवाळीनंतर दर १ मिनिट १० ला. पोटरीत गोळा आला की काठ धरून पाऊल स्वतःकडे ओढायचं आणि पुढचा सेट. डॉल्फिन किकचं, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारायच्या किकचं, वेगळंच. दोरीवरच्या १५ मीटरच्या खुणेपर्यंत पाण्याखालून. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये जपानचा सुझुकी आणि अमेरिकेचा बर्कॉफ १०० मीटर बॅकस्ट्रोकला (पाठीवर पोहणं) पहिली लांबी निम्म्याहून जास्त पाण्याखालूनच गेले. सुझुकीला सुवर्ण, बर्कॉफला रौप्य. मग नियमाने लगाम घातला. आज फ्री, बॅक, बटरफ्लाय तिन्हींत १५ मीटरला डोकं वर यायलाच हवं. मी नऊला बाहेर येतो, मला नियमाची काय भीती!

डिसेंबरपर्यंत ५० ची किक ५६ वर आली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किक कुठे मारायची नाही हे कळलं. मांडीचे स्नायू मोठे, ते ऑक्सिजनही तसाच ओढतात. हाताच्या एका पूर्ण फेरीला सहा किक हे ५० मीटरवाल्याला परवडतं. मी २०० च्या पहिल्या पन्नासातच त्या उधळत होतो. आता पहिल्या शंभराला पाय फक्त कंबर वर ठेवण्यापुरते आणि दीडशेच्या टर्ननंतर सहाच्या सहा.

यंदा: ३२, ३५.५, ३७, ३६.५. म्हणजे २ मिनिटं २१. चौथा आलो. तिसऱ्याचा हात माझ्या आधी अर्ध्या सेकंदाने लागला. सरांनी तिकीट खिशात टाकलं आणि विचारलं, "रिमोट?"

डावा घोटा अजून टेकत नाही. आता आजीचा चष्मा सरकेल एवढी फट आहे. घडी घातलेला.