ए-१ वरचा हत्ती

आज जेवणानंतर बुद्धिबळाचा पट मांडला आणि १९०७ सालचा रोटलेवी-रुबिनस्टाइन डाव पुन्हा पहिल्या चालीपासून लावला. आजच्या पोलंडमधल्या लोड्झमध्ये झालेला, काळ्याने म्हणजे रुबिनस्टाइनने अवघ्या २५ चालींत जिंकलेला. सगळे थेट २२व्या चालीवर उडी मारतात, कारण बलिदानं तिथे सुरू होतात. मी आज १५व्या चालीपाशीच अडकलो.

पांढऱ्याने किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) केला तेव्हा दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या दिसतात. घोडे, उंट, वजीर, प्यादी, सगळं तसंच्या तसं समोरासमोर. फरक एवढाच की काळ्याचा एक हत्ती डी-८ वर (उभी रांग डी, आडवी रांग ८) आधीच येऊन उभा आहे, आणि चालही त्याचीच! डावाची सुरुवात तर पांढऱ्याने केलेली. मग मागे जाऊन पाहिलं. पांढऱ्याचा वजीर आधी डी-२, मग ई-२. उंट डी-३, तिथून सी-४ वर प्यादं मारायला, आणि परत डी-३. मोठी चूक म्हणावी असं काहीच नाही, नुसता वेळ गेला. रुबिनस्टाइनने तो वेळ उचलला.

पुढे पांढऱ्याचं प्यादं काळ्या वजिरावर येतं. रुबिनस्टाइन वजीर तसाच सोडतो आणि हत्तीने सी-३ वरचा घोडा मारतो. पांढऱ्याचं प्यादं काळा वजीर घेतं, तर दुसरा हत्ती डी-२ वर, सरळ पांढऱ्या वजिराच्या तोंडी. पांढऱ्याच्या ई-४ वरच्या उंटाला दोनच राखणदार होते, सी-३ चा घोडा आणि ई-२ चा वजीर. एका हत्तीने घोडा उडवला, दुसऱ्याने वजीर ओढून नेला. मग काळ्या उंटाने ई-४ वर मारून शह, पांढरा वजीर मध्ये जी-२ वर आला आणि जागीच जखडला. उरलेला हत्ती एच-३ वर. एच-२ वरची मात आता टळत नाही. रोटलेवीने डाव सोडला.

लोक वजिराच्या बलिदानाचं कौतुक करतात, मला २३वी चाल, डी-२ वरचा हत्ती, त्याहून मोठी वाटते. वजीर गेल्यावरही घाई न करता नेमका राखणदार हेरायला फार थंड डोकं लागतं.

मोहरी गोळा करताना लक्षात आलं, पांढऱ्याचा ए-१ वरचा हत्ती डावभर जागचा हललेलाच नाही. काळ्याचे दोन्ही हत्ती मात्र पटाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन लढले.