17, 21, 22: गरज आधी की खेळाडू आधी?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजमधले नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, आला की फुटबॉलवाल्यांचा जुना वाद उकरला जातो. ज्या जागेवर माणूस कमी आहे तिथला घ्यायचा, की उरलेल्यांतला सगळ्यात चांगला? 2020च्या पहिल्या फेरीत 17, 21 आणि 22 या क्रमांकांवर तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, गेले. ते तीन निर्णय शेजारी ठेवले की बरंच उलगडतं.

17 वर डॅलसचा संघ. रिसीव्हरची निकड अजिबात नव्हती: अमारी कूपरशी मार्चमध्येच पाच वर्षांचा, 10 कोटी डॉलरचा करार झालेला, जोडीला मायकेल गॅलप. तरी सीडी लॅम शिल्लक दिसला आणि त्यांनी तो उचलला. एका वेळी बहुधा तीन रिसीव्हर मैदानात असतात, त्यामुळे तिसरा चांगला रिसीव्हर बसून राहत नाही. मार्च 2022 मध्ये कूपर क्लीव्हलँडला गेला, तेव्हा त्याची जागा घेणारा घरातच तयार होता. नव्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, तेव्हा गरजही निदान दोन वर्षं पुढची मोजायला हवी.

21 वर फिलाडेल्फिया. आदल्या मोसमात त्यांच्या रिसीव्हरांना दुखापतींनी ग्रासलं होतं. वेगवान डिशॉन जॅक्सन तीनच सामने खेळला. वेग हवा म्हणून त्यांनी जेलन रेगर घेतला. लगेच 22 वर मिनेसोटाने जस्टिन जेफरसन घेतला. 40 यार्डांची धाव रेगरने 4.47 सेकंदांत मारली होती, जेफरसनने 4.43 मध्ये! कॉलेजच्या शेवटच्या मोसमात रेगरचे 43 झेल, त्यांतून 611 यार्डांची मजल. जेफरसनचे 111 झेल, 1540 यार्ड. एनएफएलच्या पहिल्या वर्षी जेफरसनने 1400 यार्ड काढले, रेगरने 396. मिनेसोटालाही रिसीव्हर हवाच होता, स्टेफन डिग्जला बफेलोला देऊनच तो 22 वा क्रमांक मिळाला होता. पण गरज असली तरी खेळाडूही त्या क्रमांकाच्या तोलाचा होता.

घोटाळा होतो तो गरज गुणांकनात झिरपते तेव्हा. रिसीव्हर हवाय म्हटलं की दुसऱ्या फेरीच्या रिसीव्हरमध्ये पहिल्या फेरीचे गुण दिसायला लागतात. यावर उपाय म्हणजे बोर्ड, म्हणजे खेळाडूंच्या क्रमवारीचा तक्ता, आधी भरून बंद करायचा. उभे रकाने पोझिशनचे (मैदानातल्या जागांचे), आडव्या ओळी दर्जाच्या. एका ओळीत चार-पाच नावं असतील तर त्यांच्यातली निवड गरजेवर करा, खुशाल. खालच्या ओळीतला माणूस गरजेपोटी वर ओढायचा नाही. आणि मोठी भोकं मार्चच्या फ्री एजन्सीतच, म्हणजे करार संपलेले खेळाडू घेता येतात तेव्हाच, बुजवायची, साध्या भरवशाच्या माणसांनी का होईना, म्हणजे ड्राफ्टच्या रात्री हात बांधलेले राहत नाहीत.

ओळीत पाच नावं उरली असतील तर खाली सरकणं, म्हणजे आपला क्रमांक देऊन खालचा आणि वर आणखी एक क्रमांक घेणं, हा सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. डॅलसचे माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या, क्रमांकांची किंमत गुणांत मांडणाऱ्या जुन्या तक्त्यात पहिला क्रमांक 3000 गुणांचा, 21 वा 800 चा, 27 वा 680 चा. 21 वरून सहा जागा खाली गेलात तर 120 गुण सुटतात, त्यांच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचा 95 वा क्रमांक मागता येतो, जवळजवळ तिसऱ्या फेरीची अखेर. मात्र मधल्या सहा संघांना काय हवंय ते मोजून मगच सरका. पाचांतला एक तरी हाती लागेल याची खात्री हवी.

क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्या आणि आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचं, गणित वेगळं, कारण मैदानात तो एकच असतो आणि दुसरा बाकावरच बसतो. त्याच ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने आपला क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झशी मोठा करार झालेला असताना 53 व्या क्रमांकावर आणखी एक क्वार्टरबॅक, जेलन हर्ट्स, घेतला, तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. डिसेंबरपर्यंत वेन्ट्झ बाकावर गेला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये हर्ट्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. रेगर मात्र 2022 मध्येच दुसऱ्या संघात गेला होता: मिनेसोटात, जेफरसनच्या शेजारी.