१९.४ ओव्हर ही दशांश संख्या नाही

स्कोअरबोर्डवर १९.४ दिसलं की शाळकरी पोरगंही सांगतं, एकोणीस ओव्हर झाल्या आणि विसाव्यातले चार बॉल पडले. कॉम्प्युटरला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. तो त्याला एकोणीस पूर्णांक चार दशांश समजतो. खरे बॉल ११८, म्हणजे १९.६६७ ओव्हर.

मोठ्या मॅचमध्ये ही चूक लपून जाते. १५ जानेवारी २०१७ ला गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडने ३५० केल्या आणि भारताने ४८.१ ओव्हरमध्ये ३५६ करून मॅच जिंकली. आपल्या पुण्याच्या केदार जाधवने त्यात ७६ बॉलमध्ये १२० ठोकल्या होत्या. ३५६ ला थेट ४८.१ ने भागलं तर रनरेट, म्हणजे ओव्हरमागे सरासरी रन, ७.४० येतो, २८९ बॉल धरून काढला तर ७.३९. एवढ्याशा फरकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण बाणेर-वाकडकडच्या टर्फवर सहा-सहा ओव्हरच्या मॅच होतात, तिथे ५.५ ओव्हरमध्ये ६० झाल्या तर बरोबर रनरेट १०.२९ आणि चुकीचा १०.९१. साखळीत दोन टीमचे पॉइंट सारखे झाले की एवढ्या फरकाने सेमीफायनलला भलतीच टीम जाते.

बेरजेतही तेच. १८.५ आणि १९.४ ची साधी बेरीज ३७.९ येते. खरं उत्तर ११३ अधिक ११८, म्हणजे २३१ बॉल, म्हणजे ३८.३ ओव्हर.

उपाय सोपा वाटतो: पूर्ण भाग सहाने गुणायचा आणि दशांशानंतरचा आकडा त्यात मिळवायचा. पण तो आकडा काढताना आणखी एक खड्डा आहे. १९.४ मधून १९ वजा करून दहाने गुणलं आणि पुढचा अपूर्णांक छाटून टाकला, तर पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये उत्तर ४ येत नाही, ३ येतं. कारण १९.४ ही संख्या बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या पद्धतीत, नेमकी बसतच नाही. मेमरीत ती १९.४ पेक्षा किंचित कमी असते, त्यामुळे गुणाकार ३.९९९... वर अडकतो. गंमत म्हणजे १९.१, १९.३ आणि १९.५ ला हाच कोड बरोबर चालतो, १९.२ आणि १९.४ ला फसतो. दोन-तीन आकडे टाकून टेस्ट केली तर बग सापडेलच असं नाही. छाटण्याऐवजी राउंड करा. त्याहून चांगलं म्हणजे ओव्हरचा आकडा मजकूर म्हणून वाचा, टिंबावर तोडा आणि दोन्ही भाग पूर्णांक करा. टिंबानंतर ० ते ५ सोडून काही आलं तर ती नोंद घेऊच नका. घाईत स्कोअरर ५.६ लिहितात; ते ६.० असायला हवं.

नेट रनरेटमध्ये, म्हणजे आपल्या रनरेटमधून प्रतिस्पर्ध्यांचा रनरेट वजा करताना, आणखी दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे ऑलआऊट झालेली टीम. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये कुणी १२.३ ओव्हरमध्ये ९० वर गुंडाळलं गेलं, तर भागायचं पूर्ण २० ने. रनरेट ४.५ येतो, १२.५ ने भागलं तर ७.२ येईल आणि लवकर आऊट झाल्याचं बक्षीसच मिळेल. दुसरी म्हणजे प्रत्येक मॅचचा रनरेट काढून त्यांची सरासरी घेणं. एका मॅचला २० ओव्हरमध्ये १८० आणि दुसरीला ५ ओव्हरमध्ये ६० केल्या, तर सरासरी १०.५ येते. बरोबर उत्तर २४० भागिले २५, म्हणजे ९.६. सगळे रन आणि सगळे बॉल आधी एकत्र करायचे, भागाकार सगळ्यात शेवटी.

आता लिखाणाबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्याचं मूळ तिथेच आहे. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव नुसतं ‘ओव्हर्स’ आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ‘टाकलेल्या ओव्हर’ एवढंच लिहिलेलं असतं. याने वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. कॉलमला ‘वैध बॉल’ म्हणा, प्रकार पूर्णांक ठेवा आणि खाली लिहा: ‘वाइड आणि नो-बॉल यात मोजलेले नाहीत. उदाहरण: स्कोअरबोर्डवर १९.४ असेल तर इथे ११८.’ त्या एका उदाहरणाने पानभर व्याख्येचं काम होतं. १९.४ हे रूप फक्त स्क्रीनवर दाखवताना तयार करायचं, साठवायचं नाही.

असं लिहायचं कसं, हे क्रिकेटच्या नियमांकडून शिकण्यासारखं आहे. सतरावा नियम ओव्हरचा. ओव्हर सहा बॉलची, वाइड आणि नो-बॉल मोजायचे नाहीत, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण अंपायरचीच मोजणी चुकली तर? नियम सांगतो की अंपायरने मोजली तीच ओव्हर ग्राह्य. म्हणजे पाच किंवा सात वैध बॉलची ओव्हरही अधिकृत असू शकते. अशी ओव्हर आली की एकूण बॉलना सहाने भागणारा कोड तिथून पुढे एका बॉलने सरकतो आणि डाव संपेपर्यंत मैदानावरच्या स्कोअरबोर्डशी जुळत नाही. म्हणून बॉलगणिक नोंद ठेवत असाल तर ओव्हरचा क्रमांक, ओव्हरमधला बॉलचा क्रमांक आणि बॉल वैध होता की नाही, हे तीन कॉलम वेगळे ठेवा. ओव्हर संपल्याची खूणही वेगळी नोंदवा, ती मोजून काढू नका.